तारापूरचा भोंगा वाजला तर घरात थांबायचं की पळायचं?

जून 2025 मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या नतान्झ, फोर्दो आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. त्या दिवसांत कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांचं लक्ष फोनकडे होतं. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा जावई दोह्याला, कुणाचा भाऊ दुबईत. इराणचा बुशेहर अणुवीज प्रकल्प आखाताच्या किनाऱ्यावरच आहे आणि समोरच्या किनाऱ्यावरचे देश समुद्राचंच पाणी गोडं करून पितात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रॉसी यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की बुशेहरवर हल्ला झाला तर परिणाम सर्वांत गंभीर असतील. साहजिकच घरोघरी प्रश्न विचारले गेले. पाणी साठवून ठेवलंस का? खिडक्या बंद ठेवायच्या का? गोळ्या मिळतात म्हणे, घेतल्यास का?

प्रश्न अगदी योग्य होते. पण हेच प्रश्न मुंबईपासून सुमारे 100 किलोमीटरवरच्या तारापूरबद्दल आपण कधी विचारले आहेत का? देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथं 1969 मध्ये सुरू झालं. म्हणजे अर्धं शतक उलटून गेलं. बोईसर, चिंचणी, तारापूर, पालघर या पट्ट्यात आपले नातेवाईक आहेत, सोयरीक आहे, कारखान्यांत नोकरी करणारी मुलं आहेत. बुशेहरला काही झालं तर काय करायचं, याची चौकशी आपण आखातात फोन करून केली. तारापूरला काही झालं तर काय करायचं, हे शेजारच्या घरातही कुणी सांगू शकेल असं वाटत नाही.

अणुऊर्जा हवी की नको, हा वाद इथे घालायचा नाही. तो वाद आपल्याकडे इतका तापतो की मधला साधा प्रश्न राहूनच जातो. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, अपघात होणारच नाही. विरोधात बोलणारे म्हणतात, झाला तर कुणीच वाचणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या मानल्या तर तयारी करायची गरजच उरत नाही! वास्तव या दोन्हींच्या मध्ये आहे. अपघात क्वचित होतात, पण होतात. आणि झाल्यावर किती नुकसान होईल हे पहिल्या काही तासांत लोकांपर्यंत काय पोहोचलं, यावर फार अवलंबून असतं.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

अणुभट्टीचा धोका समजायला फार शास्त्र लागत नाही. भट्टी बंद केली तरी आतलं इंधन लगेच थंड होत नाही, ते कित्येक दिवस तापतच राहतं. म्हणून पाणी सतत फिरवत ठेवावं लागतं आणि पाणी फिरवायला पंप लागतात, पंपांना वीज लागते. वीजनिर्मिती केंद्रालाच बाहेरची वीज लागते, ही गंमत वाटेल, पण सगळा खेळ तिथंच आहे. वीज गेली, डिझेल जनरेटरही बंद पडले, की घड्याळ सुरू होतं.

आपल्या देशात अणुवीज केंद्रातल्या आणीबाणीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बिघाड एका प्लांटपुरता असेल तर प्लांट इमर्जन्सी, केंद्राच्या आवारापुरता असेल तर साइट इमर्जन्सी, आणि किरणोत्सार कुंपणाबाहेर जाण्याची शक्यता असेल तर ऑफसाइट इमर्जन्सी. या शेवटच्या पायरीसाठी केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंतचा भाग नियोजन क्षेत्र मानला जातो. आता लक्षात घेण्याची गोष्ट ही की कुंपणाच्या आतली जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यांची, पण बाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. लोकांना घरात थांबायला सांगायचं, गोळ्या द्यायच्या की गाव रिकामं करायचं, ही सगळी अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाने करायची. तलाठी, पोलीस पाटील, एसटी डेपो, प्राथमिक आरोग्य केंद्र, हेच त्या दिवशीचे अणुसुरक्षा अधिकारी.

आतले सराव नियमित होतात. प्लांट पातळीवरचे वर्षातून अनेकदा, साइटचा वर्षातून एकदा. ऑफसाइट सराव मात्र दोन वर्षांतून एकदा. देशाच्या महालेखापालांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामाचा अहवाल 2012 मध्ये दिला, त्यात नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. केंद्रांच्या आतली तयारी ठीक होती, पण ऑफसाइट सरावांतून बाहेरची तयारी अपुरी असल्याचं दिसलं होतं. मशीन तयार, माणसं तयार नाहीत.

वारा ज्या दिशेला, लोकही त्याच दिशेला

माहिती पोहोचली नाही तर काय होतं, हे जपानपेक्षा चांगलं कुणी सांगू शकणार नाही. शिस्तीचा देश, भूकंपाचे सराव शाळेपासून. 11 मार्च 2011 रोजी दुपारी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची केंद्रातल्या चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. इथवर सगळं नियमाप्रमाणे. मग सुमारे 14-15 मीटर उंचीची त्सुनामी आली. केंद्राची रचना करताना 5.7 मीटरची लाट गृहीत धरली होती. जनरेटर तळघरात होते, ते बुडाले. पंप थांबले आणि तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं.

रात्री साडेनऊच्या सुमारास 3 किलोमीटरचा भाग रिकामा करण्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे 10 किलोमीटर, संध्याकाळी 20 किलोमीटर. एका दिवसात तीनदा हद्द बदलली. नामिए नावाच्या गावातले हजारो लोक वायव्येकडच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले, कारण तो केंद्रापासून लांब होता. किरणोत्सारी ढगही नंतर त्याच दिशेला गेला. वाऱ्याचा अंदाज देणारी संगणक यंत्रणा सरकारकडे होती, तिचे नकाशे तयार होत होते. पण ते नामिएला कुणी कळवले नाहीत, आणि पहिला नकाशा जाहीर झाला तो 23 मार्चला. लोक आपल्या मुलाबाळांना घेऊन त्सुशिमात बसले होते, बाहेर स्वयंपाक करत होते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. केंद्रापासून साडेचार किलोमीटरवर फुताबा रुग्णालय होतं. तिथं आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमात मिळून चारशेहून जास्त माणसं होती, बरीचशी अंथरुणाला खिळलेली. त्यांना हलवताना सगळा गोंधळ झाला. कित्येक तास बसमध्ये, सलाईन नाही, सोबत पुरेसे कर्मचारी नाहीत. चाळीसहून जास्त रुग्ण त्या काही दिवसांत दगावले. फुकुशिमात किरणोत्साराने तत्काळ कुणी मेलं नाही. मात्र स्थलांतराची धावपळ, छावण्यांतले हाल, तुटलेले उपचार आणि नैराश्य यामुळे त्या प्रांतात 2300 हून जास्त मृत्यू झाल्याची सरकारदरबारी नोंद आहे. आकडा पुन्हा वाचा. पळापळीनेच माणसं गेली.

आपल्या घरात डायलिसिसवर असलेले वडील किंवा अंथरुणावरची आजी असेल, तर ही गोष्ट जपानची राहत नाही.

त्याच दिवसाची एक वेगळी गोष्टही आहे, ती कमी सांगितली जाते. भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ ओनागावा हे दुसरं अणुवीज केंद्र होतं. तिथंही सुमारे 13 मीटरची लाट आली. पण केंद्र वाचलं, कारण ते बांधताना यानोसुके हिराई नावाच्या एका अधिकाऱ्याने हट्ट धरला होता की जमीन समुद्रापासून जवळजवळ 15 मीटर उंच असली पाहिजे. इतकी उंची कशाला, खर्च वाढतो, असं सहकारी म्हणत होते. हिराईंच्या डोक्यात इसवी सन 869 मधल्या त्सुनामीची नोंद होती. ते 1986 मध्ये वारले, लाट आली 2011 मध्ये. त्या दिवशी ओनागावातल्या तीनशेहून अधिक बेघर गावकऱ्यांनी आसरा कुठे घेतला? अणुवीज केंद्राच्या व्यायामशाळेत.

दूध, गोळी आणि मीठ

चेर्नोबिलचा अपघात 26 एप्रिल 1986 च्या मध्यरात्रीनंतर झाला. शेजारच्या प्रिप्यात शहरातले सुमारे 49 हजार लोक दुसऱ्या दिवशी दुपारी हलवले गेले, तोवर 36 तास उलटले होते. मुलं रस्त्यावर खेळत होती. पुढे युक्रेन, बेलारूस आणि रशियात, तेव्हा लहान असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे 6000 हून जास्त रुग्ण सापडले. त्यातला मोठा भाग दुधामुळे. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईने गवत खाल्लं, ते दुधात उतरलं आणि मुलांनी ते प्यायलं. काही आठवडे ताजं दूध थांबवलं असतं तर त्यातले बरेच रुग्ण झालेच नसते, कारण या आयोडीनची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते. दुधाची पावडर वापरा, एवढं एक वाक्य वेळेवर सांगायचं होतं.

शेजारच्या पोलंडने सोव्हिएत सरकारच्या खुलाशाची वाट पाहिली नाही. आपल्या यंत्रांवर किरणोत्सार वाढलेला दिसताच 29 एप्रिलपासून त्यांनी मुलांना आयोडीनचं औषध पाजायला सुरुवात केली. काही दिवसांत एक कोटीहून जास्त मुलांना ते दिलं गेलं.

या गोळीबद्दल गैरसमज भरपूर आहेत. पोटॅशियम आयोडाईडची गोळी थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथं जागा मिळत नाही. बस, एवढंच. इतर कुठल्याही किरणोत्सारापासून ती वाचवत नाही. वेळ महत्त्वाची आहे: ढग येण्याच्या आधीच्या 24 तासांत किंवा आल्यानंतर दोन तासांपर्यंत घेतली तर सर्वांत उत्तम, आठ तासांपर्यंतही बऱ्यापैकी उपयोग होतो. फार उशिरा घेतली तर फायद्याऐवजी तोटा. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना आधी द्यायची, चाळिशीनंतर तिचा उपयोग कमी. मोठ्यांसाठी 130 मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी त्याच्या निम्मी, त्याहून लहानांना आणखी कमी. आणि प्रशासनाने सांगितल्याशिवाय स्वतःहून घ्यायची नाही. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानं रिकामी केली होती. त्या मिठात इतकं कमी आयोडीन असतं की संरक्षणाइतकं मिळवायला किलोकिलोनी मीठ खावं लागेल. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पिणं तर सरळ विषारी आहे.

फ्रान्समध्ये अणुवीज केंद्राभोवती 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना पत्र येतं: हे पत्र घेऊन औषधाच्या दुकानात जा आणि घरातल्या सगळ्यांसाठी गोळ्या मोफत घ्या. गोळ्या घरात, कपाटात. पूर्वी ही हद्द 10 किलोमीटर होती, फुकुशिमानंतर वाढवली. शिवाय देशभरचे भोंगे दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी वाजवून तपासतात. फ्रान्सचं नाव मुद्दाम घेतलं, कारण जैतापूरला ज्या सहा भट्ट्या यायच्या आहेत त्या फ्रेंच बनावटीच्या आहेत. भट्टी फ्रान्सची आणणार असू तर कपाटातली गोळीही आणायला हवी.

आपल्याकडे काय घडून गेलं

भारतात अणुवीज केंद्रात मोठा स्फोट कधी झालेला नाही, ही चांगली गोष्ट. पण थोडक्यात निभावलेले प्रसंग आहेत. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, आग लागली आणि केबल जळाल्या. पर्यायी विजेच्या केबलही त्याच मार्गाने नेलेल्या होत्या, त्यामुळे त्याही गेल्या. 17 तास केंद्र अंधारात होतं. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात हाताने झडपा उघडून भट्टी सुरक्षित ठेवली. त्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण दोन्ही केबल एकाच मार्गाने नेणाऱ्याचं काय?

दुसरा प्रसंग गुजरातमधल्या काक्रापारचा, आपल्या पालघरपासून फार लांबचा नाही. जून 1994 मध्ये मुसळधार पाऊस झाला. केंद्राजवळच्या तलावाची पातळी चढली आणि पाणी बाहेर टाकण्याच्या मार्गानेच पाणी आत शिरलं. टर्बाइनच्या इमारतीत छातीइतकं पाणी, साइट इमर्जन्सी जाहीर. सुदैवाने भट्टी आधीपासून बंद होती. तलावाचे दरवाजे उघडेनात. शेवटी आजूबाजूच्या गावकऱ्यांनी, आपली घरं बुडू नयेत म्हणून, तलावाचा बांध फोडला आणि पाणी उतरलं. गावकऱ्यांना कुणी आराखड्यात धरलं नव्हतं, पण पाणी उतरलं ते त्यांच्यामुळे.

एकाच गल्लीत तीन धोके

आता तारापूरकडे येऊ. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या पद्धतीच्या. फुकुशिमाही याच पद्धतीचं होतं. 2005-06 मध्ये 540 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या, त्या स्वदेशी आणि वेगळ्या पद्धतीच्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. केंद्राच्या शेजारीच तारापूर एमआयडीसी, रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत. आणि नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे छोटे छोटे धक्के बसत राहिले. प्रत्यक्ष अणुकेंद्रापेक्षा इथल्या लोकांचा जीव आजवर घेतला आहे तो रसायनांनी. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी एमआयडीसीतल्या कारखान्यात स्फोट झाला, आठ जण गेले. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू आला. त्या क्षणी बोईसरच्या चाळीत बसलेल्या माणसाला कसं कळावं की हे काय आहे? भूकंप, कारखाना की अणुकेंद्र?

कळणं गरजेचं आहे, कारण तिन्हींना सूचना वेगळ्या. जमीन हलली तर हादरे थांबताच मोकळ्या जागेत या. विषारी वायू सुटला तर ओलं फडकं तोंडाला लावा आणि वाऱ्याच्या मार्गातून आडवे बाजूला निघा. किरणोत्साराची सूचना आली तर बाहेर पडू नका, पक्क्या घरात आतल्या खोलीत जा, दारं-खिडक्या, पंखे, कूलर बंद करा, उघड्यावरचं पाणी आणि भाजी वापरू नका, बाहेरून आलेल्याने कपडे दाराशीच काढून अंघोळ करावी. एका संकटात जे वाचवतं ते दुसऱ्यात घात करू शकतं.

भोपाळ आठवा. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र. काझी कॅम्प, जेपी नगर, जुन्या शहरातल्या गरीब वस्त्या, त्यात मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येने. लोक डोळे चोळत बाहेर आले आणि धावत सुटले, काही जण वायूच्या ढगाबरोबरच धावले. ओल्या फडक्याची साधी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. कारखान्याचा लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद केला गेला होता. त्यानंतर देशात कायदे झाले. 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, 1989 चे धोकादायक रसायनांचे नियम, त्यात कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी आराखडा आणि माहिती देणं बंधनकारक केलं गेलं. पण कायद्यातली माहिती चाळीत कितपत पोहोचली, हे चाळीतल्या माणसालाच विचारावं.

आणखी एक अडचण, जी आराखडे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. "घरात थांबा" ही सूचना पक्क्या घराला लागू पडते. पत्र्याच्या खोलीत, आदिवासी पाड्यावरच्या कुडाच्या घरात, फटीफटीतून वारा येतो तिथं थांबून किती संरक्षण मिळणार? म्हणजे अशा वस्त्यांसाठी जवळची पक्की इमारत आधीच ठरवून ठेवायला हवी: शाळा, समाजमंदिर, मदरसा, मशीद, जी असेल ती. आणि सूचना फक्त मराठीत चालणार नाही. बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत, त्यांना हिंदी-उर्दूत सांगावं लागेल.

लाऊडस्पीकरवरून आपल्याकडे एवढं राजकारण झालं, पण संकटाच्या वेळी गावात सगळ्यांत लांब ऐकू जाणारा आवाज मशिदीचा आणि देवळाचाच असतो. मोबाईल टॉवर बंद पडला तर तोच उरतो. जिल्ह्याच्या आराखड्यात त्याची नोंद असायला काय हरकत आहे?

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, पाकिस्तानशी तणाव टोकाला गेला होता तेव्हा. संवेदनशीलतेनुसार ठिकाणांच्या तीन श्रेणी केल्या होत्या. महाराष्ट्रातून सर्वांत वरच्या श्रेणीत मुंबई, उरण आणि तारापूर होती. (एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तानने 1988 मध्येच केला आहे आणि दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. इतक्या भांडणांत टिकलेली ही एक चांगली रीत.) त्या सरावात भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे गेले. पण तो सराव युद्धाचा होता. हवाई हल्ल्याचा भोंगा आणि अणुकेंद्राचा भोंगा यात फरक काय, हे त्यातून लोकांना कळण्याजोगं नव्हतं.

साखरी नाटेचा प्रश्न अजून तिथेच

रत्नागिरी जिल्ह्यातला जैतापूर प्रकल्प कागदावर सहा भट्ट्यांचा आहे. माडबनच्या सड्यावर जमीन घेऊन झाली, पण वीज अजून दूर आहे. खाडीपलीकडे साखरी नाटे, आपल्या दालदी मच्छीमारांचं गाव. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळी जाईल ही त्यांची पहिली भीती. 18 एप्रिल 2011 ला, फुकुशिमाला सहा आठवडेही झाले नव्हते, नाटे इथल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि गावातला एक तरुण मच्छीमार मरण पावला. त्यानंतर गावात कुणीही सुरक्षेचा विषय काढला की तो आंदोलनाचा विषय समजला जातो. लोक बोलायला कचरतात, अधिकारी ऐकायला कचरतात. असल्या वातावरणात उद्या प्रशासन पत्रक घेऊन आलं तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? आपत्तीच्या वेळी लोक सूचना पाळतात त्या ओळखीच्या, भरवशाच्या माणसाच्या. तो भरवसा आदल्या रात्री तयार करता येत नाही.

आता या सगळ्याला घाई आली आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला, त्याचं इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव "शांती". 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा नुकसानभरपाईचा कायदा, दोन्ही त्याने मोडीत काढले. खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्र उभारायला आणि चालवायला वाट मोकळी झाली. उद्दिष्ट आहे 2047 पर्यंत 100 गिगावॅटचं, आज आपण नऊच्याही आत आहोत. म्हणजे आणखी किनारे, आणखी गावं, आणखी 16 किलोमीटरची वर्तुळं.

या कायद्यातली एक गोष्ट चांगली आहे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या नियामक मंडळाला पहिल्यांदा कायद्याचं पाठबळ मिळालं. आजवर ते ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत होतं, त्याचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. म्हणजे ज्याच्या खात्याची केंद्रं, त्यालाच उत्तर. त्या मंडळाचा हात किती तोकडा होता हे महालेखापालांच्या त्याच अहवालात आहे: देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त 5,270 ची नोंदणी. आणि 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट आलं, ते दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात विकलं गेल्यामुळे. एक कामगार दगावला, बाकीचे भाजले. कुर्ला, गोवंडी, भिवंडी, मालेगावात भंगारावर पोट असणाऱ्या आपल्या किती भावांना ते पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं काळं चिन्ह ओळखता येतं? जड, जाड शिशाचं भांडं मिळालं तर ते फोडायचं नाही, हे गोदामात कोण सांगतं?

बाकी दोन गोष्टींबद्दल मला शंका आहे. जुन्या कायद्यात सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून केंद्रचालकाला भरपाई वसूल करता येत होती, ते कलम गेलं. सर्वांत मोठ्या भट्टीसाठीही चालकाच्या जबाबदारीची मर्यादा 3000 कोटी रुपये. दुसरी गोष्ट गुप्ततेची. माहिती गोपनीय ठरवण्याचे अधिकार जुन्या कायद्यात होते, नव्यातही राहिले. भट्टीचं डिझाइन गुप्त ठेवा, त्याला कुणाचा विरोध नाही. पण गाव रिकामं करायचा रस्ता गुप्त ठेवून शत्रूपासून काय वाचणार? खासगी कंपनी आली तर तिला नफा बघायचा असणार, आणि कुंपणाबाहेरचा सराव हा तिच्या दृष्टीने खर्चच.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं, लोकनियुक्त सहअध्यक्ष असतो आणि जिल्ह्याचा आराखडा असतो. तो मागायचा हक्क कुणालाही आहे. गावच्या जमातीने, ग्रामपंचायतीने, मच्छीमार सोसायटीने, शाळेच्या पालकांनी तो मागावा, एकत्र मागितला तर जास्त बरं. प्रश्न साधे असावेत. आमच्या गावासाठी भोंगा कुठे आहे आणि तो कसा वाजतो? आयोडीनच्या गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रात आहेत, मुलांच्या मापाच्या आहेत का, त्यांची मुदत संपलेली नाही ना? अंथरुणावरच्या रुग्णांची यादी कुणाकडे आहे? गाड्या कुठे लागणार आणि कुठल्या रस्त्याने जाणार, कारण बोईसर फाटकावर रोजच्या संध्याकाळीच काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्रात गेलेल्या होड्यांना कोण कळवणार? दुधाचं काय?

यात कुणाचा विरोध नाही, कुणाचं समर्थन नाही. जैतापूरला अजून वेळ आहे, तिथं हे सगळं पहिली वीट लागण्याआधी ठरवून घेता येईल. तारापूरला तो वेळ कधीच नव्हता. तिथला पुढचा ऑफसाइट सराव कधी आहे आणि त्यात कुठली गावं घेणार आहेत, एवढं विचारायला पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक पानाचा अर्ज पुरतो.